दवाखाना गाठला तरी बाळंतपण सुरक्षित होतं का? पाऊस, ऊन आणि विजेचं गणित समजून घ्या

एप्रिल २०२४ ची गोष्ट. विक्रोळी महापालिकेच्या ज्या एस वॉर्डात येतं, त्याच वॉर्डातल्या भांडुपचं सुषमा स्वराज प्रसूतिगृह. तिथे वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि मोबाईलच्या टॉर्चवर सिझेरियन केलं, असा आरोप एका कुटुंबाने केला. आई आणि बाळ दोघंही वाचले नाहीत. महापालिकेने चौकशी समिती नेमली.

आता हे झालं मुंबईत, जिथे विक्रोळीहून राजावाडी हॉस्पिटलला जायला रिक्षा तरी मिळते. मग जिथे रस्ताच वाहून जातो, तिथे काय होत असेल?

गडचिरोलीतल्या भामरागडचंच बघा. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. जुलै २०२४ मध्ये याच तालुक्यात एका गर्भवतीला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पालघरच्या मोखाड्यातल्या मर्कटवाडीत घरीच प्रसूती झाली, जुळी बाळं दगावली आणि आईला डोलीतून न्यावं लागलं. मर्कटवाडीला धड रस्ता नव्हता.

गंमत म्हणजे कागदावर चित्र चांगलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. पण ती बाई तिथवर कशी पोहोचली, पोहोचली तेव्हा दिवे होते का, हे या आकड्यात दिसत नाही.

आणि इथे मिनिटं महत्त्वाची असतात. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. तो थांबवायला ऑक्सिटोसिन नावाचं इंजेक्शन देतात. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात आरोग्य केंद्राची वीज तासन् तास गेली आणि फ्रीज बंद पडला, तर औषध कपाटात असतं, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. वर अति उन्हामुळे दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याचा धोका वाढतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय.

मग यावर उपाय आहे का? आहे, आणि तो महाराष्ट्रातच आहे. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ ही योजना चालते. प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस बाईने तिथे येऊन राहायचं. सोबत लहान मुलं आणि एक नातेवाईक राहू शकतात, जेवणाचीही सोय असते. नदीला पूर आला तरी बाई दवाखान्याच्या बाजूला असते.

अडचण वेगळीच आहे. पूर येतो त्याच दिवसांत भाताची लावणी असते. ती आठवडाभर घर सोडून गेली, तर शेत आणि गुरं कोण बघणार? त्यामुळे नुसती खोली बांधून भागत नाही. बुडालेल्या मजुरीचाही विचार करावा लागतो.

पाऊस जूनमध्ये येणार आणि ऊन एप्रिलपासून तापणार, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. त्यामुळे पूल, फ्रीज आणि जनरेटरची तपासणीही त्याआधीच व्हायला हवी. तुमच्या भागातल्या प्रसूतिगृहात जनरेटर शेवटचा कधी चालवून पाहिला होता? आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला एकदा विचारून बघा.