दगडांची भिंत, माणसांचा पहारा

भिंत उभारली की सीमा सुरक्षित झाली, असे मानणाऱ्यांनी उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनची भिंत अवश्य अभ्यासावी. इ.स. १२२ मध्ये आरंभलेल्या, सुमारे ११७ किलोमीटर लांबीच्या या भिंतीत रोमनांनी साधारणतः प्रत्येक रोमन मैलावर दरवाजा ठेवला होता! येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नियंत्रण हाही तिचा हेतू असणार, हे उघड आहे. दरवाजा आला की पहारेकरी आलाच.

त्या पहारेकऱ्याचे जीवन कसे होते? जवळच्या विंडोलँडा ठाण्यात १९७३ पासून लाकडी पट्ट्यांवरील लेख सापडत आहेत. भिंतीच्याही पूर्वीच्या एका हजेरीपत्रकात ७५२ सैनिकांपैकी ४५६ अन्यत्र पाठविलेले. उरलेल्या २९६ पैकी ३१ आजारी वा जखमी, त्यांत १० जणांचे डोळे आलेले! भिंतीच्या उंचीपेक्षा आम्हांला हे पत्रक अधिक बोलके वाटते. दुसऱ्या एका पत्रात धाडलेल्या पायमोज्यांची आणि अंतर्वस्त्रांच्या दोन जोड्यांची नोंद आहे.