हातपंपाच्या ओट्यावरचे बोलणे

समकालीन कलावंतांशी त्यांच्या समाजाभिमुख कामाविषयी केलेल्या प्रदीर्घ मुलाखती म्हणजे कलासमीक्षेचा अपव्यय होय, असे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे, की कलाकृती स्वयंपूर्ण असते आणि तिला स्वतः बोलता येत नसेल तर ती फसलेली असते. कलावंत बोलू लागला की आत्मस्तुती करतो आणि मुलाखतकार मान डोलावतो. शिवाय ज्या कामाविषयी इतके समजावून सांगावे लागते ते समाजकार्य असते, कला नव्हे.

यातला पहिला आक्षेप भलत्याच वस्तूला लावलेला आहे. समाजाभिमुख कला म्हणजे ज्या कामात एखाद्या समूहाशी दीर्घकाळ चाललेला व्यवहार हाच कलेचा ऐवज असतो आणि दिसणारी वस्तू हा त्या व्यवहाराचा केवळ एक टप्पा असतो, अशी कला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नवज्योत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमधील कोंडागावला शांतीबाई, राजकुमार कोर्राम या स्थानिक कलावंतांसह काम करू लागल्या, तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य २००० मध्ये झाले. त्यांच्या ‘नळपार’ या प्रकल्पात सार्वजनिक हातपंपांच्या जागा नव्याने घडवल्या गेल्या आणि पाण्याचे भांडे डोक्यावर चढवण्याआधी टेकवता यावे म्हणून तेथे जागा केल्या गेल्या. हातपंपाच्या अशा एखाद्या ओट्याचे छायाचित्र मुंबईतल्या कलादालनात टांगले, तर प्रेक्षकाला सिमेंटचे बांधकाम आणि काही आकृती दिसतील. भांड्याच्या जागेची उंची बायकांच्या सवयीशी कशी जुळवली, आकृती कोणाच्या, नकार कोणी दिला, वाद कोठे अडला, यांपैकी काहीही त्या छायाचित्रात उमटत नाही, आणि नेमका तोच या कृतीचा गाभा आहे. तो कळण्याचा मार्ग विचारणे आणि ऐकणे हाच आहे. हे ज्याला अपव्यय वाटते, त्याने कला पाहिलेली नसून केवळ भिंत पाहिली आहे.

हे बस्तरपुरतेच खरे नाही. कलावंत जोसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे वस्तुसंग्रहालयासमोर बसाल्टच्या ७,००० शिळांचा ढीग रचला. शहरात लावलेल्या प्रत्येक नव्या झाडाशेजारी एक शिळा उभी करायची आणि तेवढाच ढीग कमी करायचा, असा त्यामागचा करार होता. तो ठाऊक नसलेल्याला तेथे केवळ अडगळ दिसली असती. कलावंत मिअर्ल लेडरमन युकलिस यांनी १९७९–८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून प्रत्येकाचे आभार मानले. त्या कामात तर टांगण्याजोगे मुळातच काही नव्हते.

येथे मराठीतला कलावाद आणि जीवनवाद यांचा जुना झगडा आठवल्यावाचून राहत नाही. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या घोळवला गेला, परंतु ज्यांच्या जीवनाविषयी तो चालला होता त्यांना चर्चेला बोलावण्याचे दोन्ही पक्षांना क्वचितच सुचले. आजचा ‘स्वयंपूर्ण कलाकृती’चा आग्रह हा त्याच दुर्लक्षाचा वारसा आहे, आणि त्याला सौंदर्यनिष्ठा म्हणणे हा सौंदर्याचाही अपमान आहे.

आत्मस्तुतीचा आक्षेप खरा आहे, मात्र तो वाईट मुलाखतीला लागू पडतो, मुलाखत या प्रकाराला नव्हे. समाजकार्याविषयीचा आक्षेप तर उत्तराच्याही लायकीचा नाही, कारण देऊळ आणि विहीर बांधणाऱ्यांना या भूमीत कोणी कारागिरीतून वगळले नव्हते.

मग अशी मुलाखत कशी असावी? पैसा कोठून आला, श्रेय कोणाच्या नावावर गेले, कलावंत परतल्यावर पंपाची दुरुस्ती कोण करतो, हे प्रश्न तिच्यात आरंभीच यावेत. कलावंतासमोर त्याचे सहकारीही बसलेले असावेत आणि त्यांच्या बोलण्याला तितकीच पाने मिळावीत. ओट्यावर रोज भांडे टेकवणारी बाई हलबी या आपल्या बोलीत काही वेगळे सांगत असेल, तर तिचे म्हणणे कलावंताच्या म्हणण्याशेजारी, मूळ हलबीत आणि मराठी अनुवादासह छापले जावे.