डेकचे तिकीट

गौलीगुड्यात राहणारी मुलगी समुद्रावर लेख लिहिते आहे, हे ऐकून आमच्या कन्नड विभागातल्या एका मित्राला हसू आवरेना. "आपल्याकडे पाणी म्हणजे मुसी नदी, आणि तिलाही पाणी कुठे आहे?" असा त्याचा सवाल. त्याचे म्हणणे खरे आहे; पण आमच्या घरात समुद्र आला तो आजीबरोबर.

आजी वेंगुर्ल्याची. १९६८ साली लग्न होऊन ती हैदराबादला आली. त्यातला मुंबईपर्यंतचा प्रवास आगबोटीने झाला. पडावात बसून बोटीपर्यंत जायचे, खलाशाचा हात धरून वर चढायचे, डेकवर मिळेल त्या जागी वळकटी सोडायची आणि बरोबरच्या दशम्या खायच्या. बोट लागली तर शेजारची अनोळखी बाई लिंबू काढून देई. मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत बोट भाऊच्या धक्क्याला लागे. "भाडे थोडे, रात्रीच्या मुक्कामाचा खर्च नाही, आणि झोपेत मुंबई येते," असे आजी अजून सांगते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. आजीच्या या बोलण्यात मला आठवणीपेक्षा हिशेबच जास्त दिसतो. हाच हिशेब आज युरोपातले विद्यार्थी करतात. इटलीतल्या बारी बंदरातून संध्याकाळी निघालेले जहाज पहाटे ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदरात पोचते. ज्याला केबिन परवडत नाही तो डेकचे तिकीट काढतो आणि झोपण्याची पिशवी पसरून आडवा होतो. एका तिकिटात प्रवासही होतो आणि मुक्कामही. तिकडे त्याला कोणी मागासलेपणा म्हणत नाही.

मग आपल्याकडची बोट का गेली? 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' या बोटींची नावे जुन्या कोकणवासीयांच्या तोंडी अजून आहेत. पण मुंबई-गोवा बोटसेवा १९८०च्या दशकाच्या अखेरीस संपली. रस्ते सुधारले, गावोगाव एसटी पोचली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. शिवाय पावसाळ्यात बोट बंद. चार महिने जहाज उभे राहिले तरी देखभाल आणि खलाशांचे पगार थांबत नाहीत. स्थिर खर्च म्हणतात तो हाच.

२०१८ साली 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी बोट परत आली म्हणून कौतुक केले. पण तिच्यात पोहण्याचा तलाव होता आणि तिकीट काही हजारांचे होते. ती सहल होती, वाहतूक नव्हती. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. आपल्याकडे समुद्र श्रीमंतांची मौज म्हणून परत येतो, गरिबाची वाट म्हणून येत नाही.

यावर कोणी म्हणेल, स्वस्त तिकिटात जहाज चालणार कसे? नुसत्या उतारूंवर ते चालणार नाही, हे मीही मान्य करते. भूमध्य समुद्रातल्या त्या जहाजांच्या पोटात मालाचे ट्रक आणि मोटारी असतात. खर्चाचा मोठा भार त्या भाड्यावर पडतो, म्हणून डेकवरच्या मुलाला स्वस्तात जाता येते. आपल्याकडे मुंबई-मांडवा मार्गावर मार्च २०२० पासून वाहने नेणारी रो-रो बोट आहेच. देवगड-रत्नागिरीचा हापूस एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे समुद्र खवळण्यापूर्वीच, मुंबईला जातो. ते ट्रक रात्रीच्या बोटीने गेले तर वर डेकवर शंभर विद्यार्थ्यांना का जाता येऊ नये?

मात्र स्वस्त म्हणजे निष्काळजी नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. हवामानाचा इशारा, उतारूंची मोजदाद आणि प्राणरक्षक जाकिटे यांत काटकसर चालणार नाही.

आणि सरकारला हे अशक्य आहे असेही नाही. कोचीहून लक्षद्वीपला सरकारी जहाजे आजही रात्रभराचा प्रवास करतात आणि त्यांत बंक वर्ग असतो. आमच्या गौलीगुड्याचेच उदाहरण घ्या. १९३२ साली निजाम संस्थानच्या रेल्वे खात्याने अवघ्या २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. इथल्या जुन्या बसस्थानकाचे पत्र्याचे छप्पर ५ जुलै २०१८ रोजी कोसळले. पण त्या २७ गाड्यांपासून वाढलेली सेवा आजही खेड्यापाड्यांत जाते. रस्त्यासाठी जे जमले ते समुद्रासाठी का जमू नये?

आजीला पुन्हा एकदा वेंगुर्ल्याला जायचे आहे. आगगाडीने नेईन म्हटले, तर ती म्हणाली, "ने बाई, पण गाडीतून समुद्र किती दिसणार?" तिला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मित्रहो, तुमच्याजवळ असेल तर पुढच्या अंकात जरूर लिहा.