नळ आठव्या दिवशी, मग कोरडा दिवस कधी?



भाद्रपदात मुकुंदवाडीच्या बाजूच्या एका वस्तीत बैठकीला गेले होते. विषय रेशनचा ठरला होता. निम्म्या बायका आल्याच नाहीत. कुणाच्या घरी ताप, कुणाचं मूल दवाखान्यात. आलेल्यांपैकी एक कोपऱ्यात गप्प बसून होती. तिच्या मुलाला डेंग्यू झाला होता. तपासणीला आलेल्या माणसाने तिच्या टिपाडात बॅटरी मारून गल्लीदेखत सांगितलं, "अळ्या तुमच्याच घरात आहेत." संध्याकाळी सासूने तेच ऐकवलं, रात्री नवऱ्याने. "पोराला मीच आजारी पाडलं म्हणतात, ताई," एवढंच ती बोलली.

रेशनचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

पावसाळा आला की साथी येतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण हवेचा आणि रोगाचा संबंध नीट समजून घेतला नाही, तर दोष भलत्याच माथी बसतो. डेंग्यू, चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास गटारात फारसा वाढत नाही. त्याला घरातलं, स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. मादी भांड्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती महिनोन्महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डासाच्या अंगातला विषाणूही लवकर तयार होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा उघड्यावर डास तगत नाही. न्हाणीतल्या ओल्या अंधारात, रांजणामागे मात्र तगतो. मग पाऊस पडतो, हवा दमट होते, छतावरचे टायर आणि फुटके डबे भरतात, आणि दिवाळीपर्यंत घरोघरी ताप.

म्हणजे रोगाला पाऊस जसा लागतो तसा पावसाचा अभावही चालतो, कारण टंचाईत माणूस पाणी भरून ठेवतो. 1972 च्या दुष्काळापाठोपाठ, 1973 साली, बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. मग तीस वर्षं हा आजार जवळजवळ विसरला गेला, आणि 2006 साली महाराष्ट्रात परतला. सांधे धरलेल्या बायका त्या वर्षी भिंतीला टेकून भाकऱ्या थापताना मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी रजा दिली नाही.

आता आपल्या शहराचं बघा. मलिक अंबराने सतराव्या शतकात इथे नहरींनी पाणी खेळवलं. जायकवाडीचं धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. तरी गेली कित्येक वर्षं नळ कुठे चौथ्या दिवशी, कुठे आठव्या. डिसेंबर 2020 मध्ये 1680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं, मे 2022 मध्ये पाण्यासाठी शहरात मोठा मोर्चा निघाला. पक्षांचे झेंडे आले नि गेले, टिपाडं जागेवर राहिली.

आणि आपल्याला सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. सगळी भांडी रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा. सल्ला शास्त्राला धरून आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो रोज नळ येणाऱ्या घरासाठी आहे. डासाची वाढ आठ-दहा दिवसांची आणि आपलं पाणी साठवणंही तेवढ्याच दिवसांचं! सातव्या दिवशी टिपाडात हातभर पाणी उरलेलं असतं, आणि उद्या नळ येईलच याची खात्री नसते. ते ओतून कोण देईल? दोनशे लिटरचं टिपाड आडवं करून आतून घासणं एकटीचं काम नव्हे. नळ रात्री दोनला आला तरी उठते बाई. हा डास दिवसा चावतो, आणि दिवसभर घरात असते तीही बहुतेक बाईच. गरोदरपणी डेंग्यू झाला तर रक्तस्रावाची, अकाली बाळंतपणाची भीती. घरोघर तापाची विचारपूस करत फिरणारी आशाताईसुद्धा बाई, तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी.

काळजी घेऊ नका असं मी म्हणत नाही. टिपाडावर नुसता पत्रा न ठेवता घट्ट कापड बांधा. नळ यायच्या आदल्या रात्री उरलेलं पाणी हंड्यात काढून आतली कड काथ्याने खसाखसा घासा, आणि ते घरातल्या पुरुषांना करायला लावा. अंगमेहनत आहे, त्यांना जमेल. पण तपासणीच्या कागदावर अळ्या सापडलेल्या भांड्यांचा रकाना असतो, तसा "नळ किती दिवसांनी येतो" हाही असला पाहिजे. मी पाहिलेल्या कागदावर तो नव्हता.

त्या वस्तीत आम्ही एक साधं काम सुरू केलं आहे. दहा घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळ आला त्या दिवशी निळी खूण, घरात ताप आला त्या दिवशी लाल. दिवाळीनंतर ही कॅलेंडरं घेऊन आधी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जायचं ठरलंय, मग आरोग्य विभागात. तुमच्या गटानेही पाच-दहा घरांत हे करावं आणि पानं पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवावीत. नावं लिहू नका, फक्त वस्ती आणि महिना लिहा.