कालचा ब्रेड, आजचा नाश्ता

रात्रीच्या उरलेल्या पोळीची सकाळी फोडणीची पोळी होते, तेव्हा कोणी नाक मुरडत नाही. ब्रेड मात्र दोन दिवसांनी कडक झाला की अनेक घरांत सरळ कचऱ्यात जातो. फ्रेंच टोस्टसाठी खरे तर असाच ब्रेड हवा. फ्रान्समध्ये या पदार्थाचे नावच ‘पँ पेर्द्यू’, म्हणजे वाया गेलेला पाव.

ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. भाजताना पाणी शोषून फुगलेले पिष्टाचे कण थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट होत जातात. फ्रिजच्या गारव्यात ही क्रिया उलट वेगाने होते; ब्रेड मऊ राहावा म्हणून तो तिथे ठेवण्यात अर्थ नाही. (फ्रीझरमध्ये ठेवला तर चालतो.) असा कडक ब्रेड दूध-अंड्याचे मिश्रण पितो, पण त्याचा ताज्या ब्रेडसारखा लगदा होत नाही. तव्यावर पिष्ट पुन्हा सैल होते, अंड्यातली प्रथिने घट्ट होतात आणि आतून मऊ, बाहेरून खमंग टोस्ट तयार होतो.

शिळा आणि बुरशी लागलेला, यांत मात्र गल्लत नको. हिरवा ठिपका कापून उरलेला ब्रेड वापरण्याची काटकसर अंगाशी येऊ शकते. मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे तंतू न दिसता खोलवर पसरलेले असतात आणि काही बुरशींची विषे तव्याच्या आचेने नष्ट होत नाहीत. तो ब्रेड फेकावाच.

एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. चहा-बिस्किटांवर शाळेला पळणाऱ्या मुलासाठी दोन टोस्ट कितीतरी बरे. पण वर साखर, जॅम, मध यांचे थर चढले की नाश्त्याची मिठाई होते. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद घालून केलेला तिखट प्रकार त्या मानाने शहाणपणाचा. ‘ब्राऊन’ ब्रेडच्या रंगाला भुलू नये. पाकिटावर गव्हाच्या पिठाचे प्रमाण किती, ते वाचावे.

आच मध्यमच हवी. मोठ्या आचेवर टोस्ट बाहेरून करपतो आणि आत अंडे कच्चे राहते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा वृद्ध असतील, तर एक टोस्ट मधोमध मोडून पाहावा. आत ओलसर दिसला तर झाकण ठेवून आणखी दोन मिनिटे शिजू द्यावा.