आकडा एकच, घेर वेगळा

फोर बाय फोर गाडीचे मागचे दोन टायर गोटा झाले की मालक सहसा दोनच नवे घालतो. पुढचे अजून वर्षभर जातील, असा हिशेब असतो, आणि दुकानदारही जोडीचाच भाव सांगतो. साध्या गाडीत त्यात फारसं बिघडत नाही. फोर बाय फोरमध्ये मात्र टायर हा गिअरबॉक्सचाच भाग धरायला हवा. ते सांगायला दुकानात कुणाला सवड नसते.

महिंद्राची २०२० ची थार दोन मापांत आली. एएक्सला २४५/७५ आर १६, तर महाग एलएक्सला २५५/६५ आर १८. गणित मांडलं तर पहिल्याचा घेर साधारण २ मीटर ४३ सेंटीमीटर भरतो, दुसऱ्याचा २ मीटर ४८. फरक पाचेक सेंटीमीटरचा, पण किलोमीटरभरात लहान चाक मोठ्यापेक्षा जवळपास आठ फेरे जास्त मारतं. पुढे एक माप, मागे दुसरं असं लावून फोर-एच टाकलं, म्हणजे ताकद चारही चाकांना दिली, तर हे आठ फेरे जायचे कुठे? थारमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळं फिरू देणारं मधलं डिफरन्शिअल नाही. जिप्सीत नव्हतं, जिम्नीतही नाही. दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि फरकाचा पीळ साठत जातो. चिखलात, वाळूत चाक घसरतं, पीळ सुटतो. कोरड्या डांबरावर तो सहजी सुटत नाही. गाडी जड चालते, वळणावर टायर ओरडतात, लिव्हर टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, परत यायला तयार नसतो. मग ड्रायव्हर चार हात रिव्हर्स घेतो, खाली खट्‌कन वाजतं आणि लिव्हर सुटतो.

यावर कुणी म्हणेल, अशी सरमिसळ करतो कोण? करतात, आणि तीही नकळत. नव्या ऑल-टेरेन टायरची नक्षी १० मिलिमीटरच्या आसपास खोल असते. झिजून ती ३ वर आली की घेर सुमारे ४४ मिलिमीटरने घटतो. म्हणजे थारच्या त्या दोन मापांत जेवढा फरक, जवळजवळ तेवढाच. बाजूवर छापलेला आकडा तोच, कंपनी तीच, तरीही माप वेगळं.

थार, जिम्नीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं: टू-एचमध्ये पुढचा आस मोकळा असतो, त्यामुळे रोजच्या रस्त्यावर पीळ बसत नाही. खरी काळजी एक्सयूव्ही ७०० सारख्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची. तिथे मागच्या चाकांना ताकद द्यायची की नाही, हे गाडी स्वतः ठरवते. टायरचा फरक मोठा असेल, तर ही ताकद जोडणारा क्लच विनाकारण घसरत, तापत राहतो. ना आवाज, ना अडकलेला लिव्हर. कळतं ते थेट बिल हातात आल्यावर.

अमेरिकेत काही दुकानं नवाकोरा टायर मशीनवर तासून उरलेल्या तिघांच्या मापाला आणून देतात. आपल्याकडच्या काटकसरी मनाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल, पण ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्स्फर केस उघडण्यापेक्षा ते स्वस्तच.

फोर बाय फोर ट्रॅक्टरची पुढची चाकं मुद्दामच लहान असतात. पण तिथे गिअर असे बसवलेले असतात, की पुढचं चाक जमिनीवर मागच्यापेक्षा काही टक्केच पुढे ओढतं. मिळेल त्या मापाचा टायर पुढे घातला की ते गणित मोडतं आणि पुढची नक्षी भराभर झिजते.

टायरवाल्याने जोडी काढण्याआधी ‘गाडी फोर बाय फोर आहे का?’ एवढं विचारलं पाहिजे. चारही चाकांत सारखी हवा भरून, टायरवर खडूने खूण करून, गाडी एक फेरा पुढे ढकलायची आणि फरशीवरचं अंतर टेपने मोजायचं, एवढं तर कोणत्याही दुकानात जमेल. आणि गाडी कंपन्यांनी घेरातला किती फरक चालेल, तो आकडा दारावरच्या हवेच्या स्टिकरवरच छापावा. तिथे जागा भरपूर आहे.