गाडीला कल्हई करावी का?



गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा असे मुहूर्त आले की गावागावांत नव्या गाड्या येतात. कुठे उसाचे बिल जमा झालेले असते, कुठे द्राक्षाचे पैसे हाती आलेले असतात, कुठे थोरला मुलगा नोकरीला लागलेला असतो. गाडीचा भाव ठरतो, विमा ठरतो, आणि आता सही करायची एवढ्यात शोरूममधला पोरगा अदबीने म्हणतो, "काका, सिरॅमिक कोटिंग पण करून घ्या. पाच वर्षे गाडी नवी राहील. ओरखडासुद्धा पडणार नाही." आकडा असतो वीस हजार, तीस हजार, कधी त्याहूनही जास्त. काका मुलाकडे बघतात, मुलगा आईकडे बघतो. आनंदाच्या दिवशी नाही कोण म्हणणार? पोरगा लगेच पुढे म्हणतो, "कर्जातच टाकू या की, हप्त्यात कळणारही नाही."

ही चीज काय आहे, ती काय करते, काय करत नाही, आणि शेतकऱ्याच्या घराने तिच्यावर पैसा घालावा का, याचा आज हिशेब मांडू.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. कथलाचा अगदी पातळ थर आतून फिरवला की भांड्यातले आंबट कळकत नसे. पण कल्हई केली म्हणून भांडे आपटले तर पोचा यायचा राहत नसे, आणि राखेने खरखरून घासले तर कल्हई लवकर उडे. वरचेवर कल्हईवाल्याला हाक मारावीच लागे. सिरॅमिक कोटिंग हे गाडीच्या रंगाला केलेल्या कल्हईसारखेच आहे. ही उपमा ध्यानात ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो.

आता रंगाची रचना पाहू. जुन्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीचा साधा रंग वरपासून खालपर्यंत एकच असे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागे तो त्यामुळेच. आताच्या गाड्यांचे तसे नाही. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ हा सगळा मार तो क्लिअर कोट सोसतो. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे सगळा रंग मिळूनही डोक्याच्या एक-दोन केसांच्या जाडीचा.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे या क्लिअर कोटवर चढवलेला आणखी एक थर. नाव सिरॅमिक असले तरी ते काही कुंभाराच्या भट्टीत भाजलेले नसते. लहानशा बाटलीत द्रव येतो. त्यात सिलिकाची संयुगे असतात. सिलिका म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तोच घटक. हा द्रव फडक्याने किंवा स्पंजने पत्र्यावर पसरतात, तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि रंगाला चिकटून बसतो. त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉन. मेण चोळले तर काही आठवड्यांत उतरते, हा थर त्यापेक्षा पुष्कळ टिकतो. चांगला लावला आणि नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षे.

त्याचे गुणही सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. पाणी त्यावर थांबत नाही, अळवाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळते. चिखल घट्ट धरत नाही, त्यामुळे गाडी लवकर आणि कमी मेहनतीत धुऊन होते. पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर तो रंगापर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात आपल्याला तो पुसता येतो. उन्हाचा ताप थोडा कमी लागतो आणि चकाकी राहते. एवढे काम तो इमानाने करतो.

आता जे सांगितले जाते पण होत नाही, ते पाहा.

ओरखडा पडणार नाही, ही पहिली थाप. जाहिरातीत ९ एच असे मोठ्या अक्षरांत लिहितात. ऐकणाऱ्याला वाटते, दहापैकी नऊ, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. तसे मुळीच नाही. ही पेन्सिलीची परीक्षा आहे. कमी-जास्त कठीण शिशाच्या पेन्सिली रंगावर ठरावीक दाबाने ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडत नाही ते बघतात. ९ एच ही त्या संचातली सर्वांत कठीण पेन्सिल, इतकाच त्याचा अर्थ. धुळीतले वाळूचे कण मात्र काचेलाही चरा पाडतात. मग बांधावरच्या बाभळीचा काटा, गुराचे शिंग, कळशीचा काठ आणि पोरांच्या सायकलचे हँडल यांच्यापुढे एक-दोन मायक्रॉनच्या थराचा काय पाड?

खडी उडून टवका जाणार नाही, ही दुसरी थाप. त्याला जाड पारदर्शक फिल्म लागते. तिला पीपीएफ म्हणतात. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची असते, आणि सगळ्या गाडीला लावायची तर तिची किंमतही तशीच भारी.

गाडी धुवावी लागणार नाही, ही तिसरी. उलट आपल्याकडे येथेच घोटाळा होतो. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. कोटिंगवर पाण्याचे थेंब मण्यासारखे उभे राहतात. गाडी उन्हात धुऊन तशीच सोडली की थेंब आटतो आणि त्यातला क्षार पांढऱ्या गोल डागाच्या रूपाने मागे राहतो. डाग जुने झाले तर नुसत्या पाण्याने जात नाहीत. म्हणून कोटिंग केलेली गाडीसुद्धा सावलीत धुऊन लगेच मऊ फडक्याने कोरडी करावी लागते.

हे झाले शहरातल्या माणसालाही लागू. पण आपल्या गाडीचे शत्रू निराळे आहेत. त्यांचा विचार शोरूममध्ये होत नाही.

आपली गाडी खते वाहते. युरियाला हवेतला ओलावा चटकन सुटतो. पोटॅशमध्ये क्लोराइड असते, आणि ओल्या क्लोराइडइतका लोखंडाचा वैरी दुसरा नाही. पोत्यातून सांडलेले मूठभर खत डिकीतल्या गालिच्याखाली जाते, पावसाळ्यात ओले होते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून गाडी आरशासारखी चमकते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा! या गंजाला बाहेरच्या कोटिंगचा काडीचा उपयोग नाही. पोत्याखाली जाड ताडपत्री अंथरा, आणि खेप झाली की गालिचा उचलून झाडून घ्या. याला पैसा लागत नाही.

आपली गाडी चिखलातून जाते. चाकांवरच्या कमानीच्या आत चिखलाचा थर बसतो आणि दिवसेंदिवस ओल धरून राहतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती चिखलाने बुजली की दारात पाणी साचते आणि कड फुगू लागते. खराट्याची काडी घेऊन ती भोके पावसाळ्यात महिन्यातून एकदा मोकळी करा. गाडी धुताना पाण्याचा पहिला फवारा टपावर नव्हे, चाकांच्या कमानीत आणि खालच्या अंगाला मारा.

आपली गाडी बागेच्या कडेला उभी राहते. द्राक्षावर बोर्डो मारताना वाऱ्याने तुषार गाडीवर येतात आणि मोरचूद-चुन्याचे निळसर डाग बसतात. फवारणीच्या दिवशी गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब उभी करा. तुषार पडलेच तर वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली तर तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडतो आणि त्यावर धूळ बसते. सावली हवी हे खरे, पण चिंच-आंब्याच्या सावलीत पक्षी आणि चीक हेही आलेच. त्यापेक्षा चार खांबांवर पत्रे टाका, नाही तर जुने शेडनेट ताणा. ऊन अडवण्याचे काम छप्पर करते तेवढे कोणतेही कोटिंग करीत नाही.

आणखी एक, घरातल्या सर्वांसाठी. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकायची सवय फार जणांना असते. गाडी स्वच्छ दिसते, पण दर वेळी फडक्याखाली धुळीची वाळू घासली जाते. उन्हात तिरपे पाहिले की टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, ते याचेच. धुळीच्या गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने फडफडले तरी हेच होते. कपड्यांची सोड्याची पावडरही वापरू नका, तिने मेण आणि कोटिंग दोन्ही लवकर उतरतात. आधी नुसते पाणी मारून माती वाहू द्यावी. मग गाडीच्या शाम्पूचे पाणी एका बादलीत, फडके खळबळायला साधे पाणी दुसऱ्या बादलीत, आणि वरून खाली हात फिरवावा. पक्ष्याची विष्ठा दिसली तर ओले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवून, मऊ झाल्यावर उचलावी. खरवडू नये.

आता पैशाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. समजा, तीस हजारांचे कोटिंग कर्जात टाकले, व्याज दहा टक्के, मुदत पाच वर्षे. हप्त्यात सुमारे ६३७ रुपयांची भर पडते. खरेच, कळणारही नाही. पण ६० महिन्यांत हे ३८ हजारांच्या वर जातात. कोटिंग दोन-तीन वर्षांत उतरलेले असते आणि हप्ता मात्र पाचव्या वर्षीही चालू असतो. नसलेल्या कल्हईचे व्याज आपण भरत राहतो. पाच वर्षांची हमी म्हणतात, तिचा कागद वाचा. बहुधा दर वर्षी पैसे भरून त्यांच्याकडेच देखभाल करून घेण्याची अट असते. एक वर्ष चुकले की हमी संपली.

तेव्हा करावे कोणी? ज्याची गाडी नवी आहे, रंग काळा किंवा गडद आहे (त्यावर चरे जास्त उठून दिसतात), जिला छप्पर आहे, घरात जपून धुणारा एक तरी माणूस आहे, आणि पीककर्ज, मुलांची फी, दवाखाना हे सगळे भागून रोख रक्कम शिल्लक आहे, त्याने खुशाल करावे. पैसा वाया जाणार नाही. पण दोन-तीन ठिकाणी विचारून करावे. थर कोणता, किती वेळा देणार, हमीत नेमके काय, दर वर्षीचा खर्च किती, हे पक्क्या बिलावर लिहून घ्यावे. काम बंदिस्त, धूळ नसलेल्या जागेत होते का ते डोळ्यांनी पाहावे. आधी गाडी नीट धुऊन, चिकटलेला मळ काढून, गरज असेल तिथे पॉलिश करून मगच थर चढवतात, याला एक-दोन दिवस लागतात. दोन तासांत गाडी देतो म्हणणारा नुसता ओला हात फिरवून देणार हे समजावे. खाली चरे असतील तर ते कोटिंगखाली तसेच राहतात.

करू नये कोणी? ज्याची गाडी उघड्यावर उभी असते, जिच्यात खते आणि भाजीच्या क्रेट वाहतात, किंवा जी कर्जावर घेतली आहे, त्याने करू नये. जुन्या गाडीचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिथे कोटिंग म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ते पैसे गंज काढून रंग नीट करण्यात घालावेत.

या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. काही शे रुपयांत गाडीचे चांगले मेण किंवा फवारून पुसायचे सीलंट मिळते. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा, दिवाळीच्या सुमाराला एकदा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा, धुतलेल्या गाडीला सावलीत हाताने लावा. तासा-दीड तासाचे काम आहे, घरातली तरुण पोरे हौसेने करतील. पाणी तसेच ओघळेल आणि रंगही राखला जाईल. कोटिंगइतके टिकत नाही खरे, पण उतरले तर पुन्हा लावायला कर्ज काढावे लागत नाही.

शोरूममधल्या पोराचा राग धरू नका, विकणे हे त्याचे काम आहे. तुमचे काम एवढेच की त्या दिवशी म्हणायचे, "आधी गाडी घरी नेतो, पूजा करतो, छप्पर घालतो. कोटिंगचे पुढच्या महिन्यात बघू." नवी गाडी महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही. महिन्यानंतरही हातात रोकड असली आणि मनात इच्छा असली, तर जरूर करा.